सुकतीची वेळ

त्रिपुरारी पौर्णिमेच्या संध्याकाळी आमची गाडी पहिल्यांदा बंद पडली. साखळीला विठ्ठलापूरला वाळवंटीच्या पात्रात नावा सोडतात, त्या बघायला जायचे ठरले होते. सासूबाई काठाची साडी नेसून ओसरीवर वाट बघत बसल्या होत्या. मी पणजीतले कार्यालय आटोपून रायबंदरला फेरीबोटीत गाडी चढवली. पलीकडे चोडणला उतरले आणि धक्क्याच्या निम्म्या चढात इंजिनाने तीन गचके दिले. एसीतून गरम वारा आला, डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला आणि गाडी गप्प झाली. मागे बोटीच्या पत्र्यावर सात-आठ स्कूटर आणि एक टेम्पो होता. कोणी हॉर्न वाजवला नाही. चोडणच्या लोकांचा हा गुण मला फार आवडतो. मी हँडब्रेक ओढला, किल्ली फिरवली, आणि गाडी पहिल्याच फेऱ्यात सुरू झाली. दिवा तेवढा तसाच राहिला.

त्या रात्री आम्ही साखळीला जाऊन आलो. नावांवरचे दिवे बघताना माझे अर्धे लक्ष त्या पिवळ्या दिव्याकडे होते.

चोडण म्हणजे मांडवीतले बेट. मयेच्या बाजूला पूल आहे, पण पणजीला जायचे तर रायबंदरची फेरीबोटच जवळची. आता २०२५पासून या मार्गावर मोठ्या रो-रो बोटी आल्या आहेत. मी सांगते आहे ती गोष्ट त्याआधीची, जुन्या बोटींच्या दिवसांतली. माझा नवरा तारवटी आहे, मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये मोटरमन. वर्षातले आठ-नऊ महिने घर, सासूबाई आणि गाडी माझ्याकडे. गाडी २००९ची, पेट्रोलवरची, लहान. त्याने पहिल्या दोन करारांच्या पगारातून घेतलेली. नवी घ्या, असे बरेच जण सांगतात. पण या गाडीचा क्लच किती सोडला की ती उचलते हे माझ्या पायाला ठाऊक आहे. बोटीवरून उतरताना मागे नदी असते, तेव्हा ही ओळख फार मोलाची वाटते.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये नेली. त्यांनी स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला, पडद्यावर काहीतरी वाचले, एक बटण दाबले आणि दिवा गेला. ‘मॅप सेन्सरचा कोड होता, मॅडम. उडवला. परत आला तर सेन्सर बदलू.’ पंधरा दिवसांनी परत आला. सेन्सर बदलला. त्यानंतर दोन आठवड्यांनी पुन्हा धक्क्यावर गचके, पुन्हा दिवा. या वेळी कोड निराळा होता, थ्रॉटलच्या सेन्सरचा. तोही बदलला. मार्गशीर्ष सरता सरता गाडी पुन्हा त्याच चढात बंद पडली, आणि मला कळले की आपण चुकीच्या दारावर थापा मारत आहोत.

या कोडांची भाषा मी तेव्हा शिकू लागले. अमेरिकेत १९९६पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीला ती सक्तीची झाली आणि पुढे जगभर पसरली. एक अक्षर आणि चार आकडे. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे चासी, यू म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचे आपसातले बोलणे. पहिला आकडा शून्य असेल तर तो कोड सगळ्या कंपन्यांना समान. माझ्या गाडीचे कोड दोन होते. पी ०१०७, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा इनटेकमधला दाब मोजणाऱ्या, म्हणजेच मॅप सेन्सरच्या सर्किटचा व्होल्टेज कमी. आणि पी ०१२२, म्हणजे थ्रॉटल, इंजिनात हवा सोडणारी झडप, किती उघडा आहे हे सांगणाऱ्या सेन्सरच्या सर्किटचा व्होल्टेज कमी.

‘सर्किट’ हा शब्द मी तीनदा वाचला. कोड सेन्सर खराब आहे असे म्हणतच नाही. त्याचे म्हणणे एवढेच, की या वाटेने मला जेवढे व्होल्ट यायला हवेत तेवढे येत नाहीत. वाटेवर सेन्सर आहे, त्याचा कपलर म्हणजे जोडणीचे टोक आहे, तीन वायरी आहेत, अर्थ म्हणजे अर्थिंग आहे. पाणी नळाला येत नाही एवढेच नळाजवळचा माणूस सांगू शकतो. पाइप कुठे फुटला हे त्याला कसे माहीत असणार? आणि आम्ही दोनदा नळ बदलून घेतला होता.

पैसे गेले त्याचे वाईट वाटलेच. त्याहून जास्त लागले ते दुसरेच. प्रत्येक वेळी गाडी गॅरेजमध्ये पोचली की शहाण्या मुलासारखी चालायची. तिथला पोरगा एक चक्कर मारून यायचा आणि म्हणायचा, ‘काही नाही हो मॅडम, मक्खन चालते.’ त्याच्या बोलण्यात वावगे काही नसायचे, पण तो माझ्याकडे ज्या नजरेने बघायचा ती नजर बायकांच्या ओळखीची आहे. येणारा-जाणारा बिघाड हा सगळ्यांत वाईट बिघाड, कारण तो एकट्यालाच दिसतो. पूर्ण मोडलेली वस्तू कोणीही बघू शकतो. अधूनमधून मोडणाऱ्या वस्तूच्या मालकावर आधी विश्वास ठेवावा लागतो.

जहाजावरून फोन आला तेव्हा मी नवऱ्याला हे सगळे सांगितले. त्याने एकच विचारले, ‘लॉग कुठे आहे?’ त्यांच्याकडे इंजिनरूममध्ये प्रत्येक वॉचला, म्हणजे पाळीला, वहीत नोंद होते: वेळ, तापमाने, दाब, आणि शेवटी शेरा. काहीही झाले नाही तरी नोंद होते. ‘चीफ इंजिनीअर आधी वही बघतो, मग मशीन. तू आठवणीतून सांगतेस, आणि आठवण गचक्याची असते, आजूबाजूची नसते. लिही.’

शाळेत मुलांना देतात तशी दोनशे पानी वही आणली आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये पेन बांधून ठेवले. तारीख, वेळ, जागा, गिअर, एसी चालू की बंद, पाऊस, पेट्रोल किती, इंजिन गरम की थंड, काय झाले. झाले नाही त्या दिवशीही एक ओळ. कागदावर गचक्याच्या आजूबाजूच्या गोष्टी खरोखरच येऊ लागल्या. आधीच्या चार वेळाही तारखा आठवून लिहून काढल्या. एका नोंदीत मी लिहिले होते: ‘संध्या. ६.१०. चोडण धक्का. पहिला गिअर. पाऊस नाही. एसीचा वारा एकदम गरम, मग गचके, मग बंद. लगेच सुरू. एसी परत गार.’ एसीबद्दल मला तोवर कोणी विचारले नव्हते, मीही कोणाला सांगितले नव्हते. लिहायला रकाना होता म्हणून लिहिले गेले.

मग एक छोटा ब्लूटूथ स्कॅनर मागवला. माचिसच्या पेटीपेक्षा थोडा मोठा, फोनला जोडला जातो. गॅरेजवाले बटण दाबून काय पुसून टाकत होते ते तेव्हा समजले. कोड नोंदवताना गाडीचा कॉम्प्युटर त्या क्षणाचा एक फोटोच काढून ठेवतो. फ्रीझ फ्रेम म्हणतात त्याला. इंजिनाचे फेरे, वेग, पाण्याचे तापमान, इंजिनावरचा लोड. कोड उडवला की हा फोटोही उडतो. म्हणून आधी वाचायचे, लिहून घ्यायचे, मगच पुसायचे. खरे तर पुसायची घाईच नको. गाडी सलग तीन फेऱ्या नीट चालली तर दिवा आपोआप विझतो, आणि तो विझल्यावरही कोड आत राहतो, इंजिन चाळीसेक वेळा थंडाचे गरम होईपर्यंत. म्हणजे दिवा गेला याचा अर्थ दुखणे गेले असा नाही. माझ्या फोटोंमध्ये प्रत्येक वेळी वेग ताशी चार ते सहा किलोमीटर होता आणि इंजिन पूर्ण तापलेले. पणजी–रायबंदरचा १७व्या शतकातला बांध आहे, पोंत द लिन्यारिस, त्यावरून मी रोज जाते. तिथले खड्डे आणि हिसके गाडी मुकाट सोसते. तिथे एकदाही दिवा लागला नाही. लागतो तो फक्त सरपटत चालताना.

ज्याला त्याला विचारावे तो म्हणे, ओल. गोव्यात हे उत्तर सहसा चुकत नाही. चार महिने पाऊस, बाराही महिने खारी हवा. कपलरच्या पिनांवर हिरवे चढते, अर्थच्या वायरीखाली गंज बसतो. मीही ते धरून चालले. एका रविवारी बॅटरी सोडवून, जेवढे कपलर हाताला लागले तेवढे उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, बॅटरीचा अर्थ घासून बसवला. काम चांगलेच झाले, पण बिघाड गेला नाही. आणि मला आठवत होते की पावसाळ्यात, नदी तुडुंब असताना, एकदाही काही झाले नव्हते. जे काही चालले होते ते कार्तिकापासून, कोरड्या दिवसांत. ओल हे कारण असते तर उलटे व्हायला हवे होते.

पौषातल्या एका संध्याकाळी मी ओसरीवर वही उघडून बसले होते. सासूबाई फणसाच्या पानांचे द्रोण टोचत होत्या. मी मोठ्याने तारखा वाचत होते, स्वतःशीच. त्यांनी मान वर न करता विचारले, ‘परवाची कुठली म्हणालीस?’ मी सांगितली. ‘अगो, ती पुनवेची दुसरी रात. आणि त्याच्या आधीची?’ मी सांगितली. ‘ती अवस.’ मी उठून भिंतीवरचे कॅलेंडर काढून आणले. सात नोंदी होत्या. त्यांतल्या सहा पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या दिवशी, नाहीतर नंतरच्या एक-दोन दिवसांत.

हे मी कार्यालयात सांगितले तेव्हा एका बाईंनी गाडीला लिंबू-मिरची बांधायला सांगितले, दुसऱ्यांनी सांगितले की योगायोग आहे. मला दोन्ही उत्तरे पुरेनात. सासूबाईंनाही अवसेच्या भुताचे काही म्हणायचे नव्हते. त्यांचे वडील मानस चालवायचे. चोडणला खाजन शेती आहे, समुद्रसपाटीच्या खालची, बांध घालून नदीपासून राखलेली. त्या बांधात मानस असते. लाकडी झडपा असतात त्याच्या. भरती चढली की पाण्याच्या दाबानेच मिटतात आणि सुकतीला, म्हणजे ओहोटीला, उघडून आतले पाणी बाहेर सोडतात. बाहेर पडणाऱ्या पाण्याला जाळे लावले की सुंगटे, शेवटे, काळुंद्रे अशी मासळी मिळते, आणि सगळ्यांत जास्त मिळते अवस-पुनवेला, कारण तेव्हा पाणी सगळ्यांत वर चढते आणि सगळ्यांत खाली उतरते. सासूबाई लहानपणी रात्री कंदील धरून वडिलांबरोबर मानशीवर उभ्या राहिल्या आहेत. त्यांच्यासाठी तिथी म्हणजे पाण्याची उंची.

‘तू बोटीतून उतरतेस तेव्हा सुकती असते का बघ,’ एवढेच त्या म्हणाल्या.

पुढच्या अमावास्येला मी गाडी रायबंदरलाच ठेवली आणि पायी बोटीत चढले. चोडणला उतरून धक्क्याच्या कठड्याला टेकून तासभर उभी राहिले. मी त्या धक्क्यावरून वर्षानुवर्षे ये-जा करते आहे, पण त्याच्याकडे त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. धक्का म्हणजे पाण्यात उतरत गेलेला काँक्रीटचा उतार. भरतीला बोट या उताराच्या वरच्या अंगाला लागते, गाडी चार हात चढली की सपाटीवर. सुकतीला तीच बोट पार खाली लागते, उताराचा बुळबुळीत, शेवाळलेला भाग उघडा पडतो आणि गाडीला बोटीच्या फळीवरून निघून सगळा चढ ओढून काढावा लागतो, तोही जागेवरून, पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा धरून. आमच्या किनाऱ्यावर अवस-पुनवेच्या उधाणाच्या दिवसांत भरती-सुकतीत दीड-दोन मीटरांचा फरक पडतो. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, तो बराच कमी असतो. मांडवीत भरतीचे पाणी पार गांजेपर्यंत, मुखापासून सुमारे पन्नास किलोमीटर आत जाते, मग चोडण तर दारातच. आणि अवस-पुनवेच्या आसपास इथे पाणी तळाला जाते ते साधारण संध्याकाळी, नेमकी मी कार्यालयातून परतते त्या वेळेला. रोज ही वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून घड्याळाच्या वेळेत मला काही सापडत नव्हते. पावसाळ्यात नदी वरूनच भरून येते, सुकतीला पाणी तितके खाली जात नाही, म्हणून तेव्हा काही झाले नव्हते.

मी उभी होते तेव्हा एक जुनी जीप खालून चढत गेली. तिचे सगळे तोंड आभाळाकडे झाले होते.

पण हे उत्तर नव्हते, अर्धेच होते. सुकतीला चढ मोठा, हे समजले. मोठ्या चढाला सेन्सरचे व्होल्ट का पडावेत? आणि सातवी नोंद उरतच होती. ती ना अवसेची ना पुनवेची, धक्क्यावरचीही नव्हती. मयेच्या चढावर खनिजाच्या ट्रकमागे थांबून पुन्हा निघताना झालेली.

डिचोलीला एक वायरमन काका आहेत. साठी उलटलेले, रस्त्याकडेला फणसाच्या झाडाखाली त्यांची शेड. गाड्यांचे इंजिन उघडत नाहीत, फक्त वायरिंग. त्यांच्याकडे मी वही घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावला, स्टुलावर बसले आणि वही पहिल्या पानापासून वाचली. मध्ये एकजण बल्ब बदलायला आला, त्याला थांबायला सांगितले. मला सांगायला हवे, की इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझे पोट हलके झाले ते तेव्हा, गाडी दुरुस्त होण्याच्या कितीतरी आधी.

वाचून झाल्यावर त्यांनी दोन ठिकाणी बोट ठेवले. ‘बाय, हा एसीचा वारा दर वेळी गरम झाला?’ दर वेळी, मी म्हटले. ‘आणि ही मयेची. ही बरी झाली म्हणायची. ही नसती तर मी पाण्यामागे लागलो असतो.’

मग त्यांनी मला जे समजावले ते मी जवळपास त्यांच्याच शब्दांत लिहिते. गाडीचा कॉम्प्युटर बॅटरीचे बारा व्होल्ट सेन्सरांना देत नाही. तो स्वतः मोजूनमापून पाच व्होल्ट तयार करतो आणि तेच बऱ्याच सेन्सरांना वाटतो. तीन वायरींचा सेन्सर असेल तर एका वायरीने पाच व्होल्ट येतात, एक अर्थ, आणि एका वायरीने सेन्सर आपले उत्तर परत पाठवतो, अर्धा व्होल्ट, दोन व्होल्ट, चार व्होल्ट, जसे असेल तसे. आता एका घराण्याच्या दोन सेन्सरांचे उत्तर एकदमच शून्यावर आले, तर दोघे एकाच दिवशी मेले असे मानायचे की त्यांच्या समाईक विहिरीत काही झाले असे मानायचे? ‘आणि या दोघांचा तिसरा भाऊ आहे. एसीच्या गॅसचा दाब मोजणारा. तो पण या पाच व्होल्टवर. तो बोलायचा थांबला की कॉम्प्युटर एसीचा कॉम्प्रेसर बंद करतो, पण या गाडीत त्याचा कोड टाकत नाही. म्हणून स्कॅनरात तो कधी दिसणार नाही. तुझ्या वहीत दिसतो.’

त्यांनी स्कॅनर आणला नाही. साधा मल्टिमीटर आणला, मॅप सेन्सरच्या कपलरमागून बारीक सुई घालून पाच व्होल्टच्या वायरीला लावला. इंजिन चालू केले. ४.९८. हाताने वायरी हलवल्या, दाबल्या, वाकवल्या. ४.९८. हेअर ड्रायरने गरम केल्या. ४.९८. त्यांना त्याचे काहीच वाटले नाही. चारही चाकांना चिऱ्याचे तुकडे लावले, हँडब्रेक ओढून घेतला आणि मला आत बसवले. ‘ब्रेकवरचा पाय काढू नको. पहिला गिअर टाक आणि क्लच हळू सोड, धक्क्यावर सोडतेस तसा. इंजिन दबले की परत दाब.’ ते स्वतः गाडीच्या पुढे उभे राहिले नाहीत, बाजूला उभे राहिले. ही गोष्ट मुद्दाम लिहून ठेवते, कारण घाईत लोक गाडीच्या तोंडासमोरच उभे राहतात.

क्लच सोडला. बॉनेटच्या फटीतून मला इंजिन मागे कलताना दिसले. ‘पुन्हा,’ काका म्हणाले. पुन्हा. तिसऱ्या वेळी इंजिन गचकले आणि बंद पडले, आणि मी काही विचारायच्या आत त्यांनी मीटर माझ्याकडे वळवला. ०.०६.

मी तो आकडा बघत राहिले. पौर्णिमेपासून ज्याच्या मागे होते तो डिचोलीच्या भर दुपारी, कोरड्या शेडमध्ये, समोर होता. सुकती नव्हती, धक्का नव्हता.

पुढचे काम लांबलेले पण सरळ होते. तिन्ही सेन्सरांचे कपलर काढून ठेवले आणि तसाच लोड दिला. गाडी सुरू करायची गरज नव्हती. किल्ली नुसती चालू स्थितीत ठेवून काकांचा पोरगा पहारीने इंजिन मागे रेटत होता. व्होल्ट पुन्हा पडले. म्हणजे सेन्सर तिन्ही निर्दोष, गुन्हा वायरीत. मग काकांनी इन्सुलेशन टेप उकलत उकलत एकेक फांदी तपासली. मॅपकडे जाणारी स्वच्छ. थ्रॉटलकडे जाणारी स्वच्छ. एसीच्या सेन्सरकडे जाणारी फांदी इंजिनावरून उतरून रेडिएटरच्या वरच्या पट्टीवरून पुढे जाते. तिथे एका पत्र्याच्या ब्रॅकेटपाशी ती उघडी, सैल लोंबत होती. वायरीचे वेष्टन दोन-तीन मिलिमीटर घासून आतले तांबे दिसत होते. ब्रॅकेटच्या कडेचा रंग तेवढ्याच जागेत उडून पत्रा चकाकत होता. इंजिन ज्या रबरी आधारांवर बसते त्यांतले एक फाउंडेशन जुने झाले होते, त्याचे रबर बसले होते. जोराचा लोड आला की इंजिन हवे त्याहून जास्त मागे झुके, ही फांदी ताणली जाई आणि उघडे तांबे ब्रॅकेटला टेके. पाच व्होल्ट थेट अर्थ. तिन्ही भाऊ मुके. इंजिन बंद पडले की ते आपल्या जागी येई, वायर सैल होई आणि सगळे पूर्ववत. म्हणून किल्ली फिरवताच गाडी सुरू होत होती.

‘इथे क्लिप असते,’ काका म्हणाले. ब्रॅकेटवर क्लिपचे भोक होते, क्लिप नव्हती. दोन वर्षांपूर्वी रेडिएटर गळत होता म्हणून एका ठिकाणी उतरवला होता. तो परत बसवताना कोणाच्या तरी हातून ती तुटली असणार, किंवा खाली पडली असणार आणि वाकून शोधायचा कंटाळा आला असणार. दहा-पंधरा रुपयांची प्लॅस्टिकची क्लिप. वायर घासत घासत तांब्यापर्यंत पोचायला दोन वर्षे लागली, आणि त्या दोन वर्षांत ते कोणाच्या डोळ्यांसमोर येण्यासारखे नव्हते. मला त्या माणसाचा राग यायला हवा होता. तो आला, आणि अजूनही थोडा आहे. हातातले काम झाले की गाडी सोडून द्यायची घाई असते हे मी समजू शकते. पण ज्याने तो रेडिएटर बसवला त्याला ही वायर कुठे जाते हे माहीत होते, मला नव्हते. धक्क्यावर अर्ध्या चढात, मागे स्कूटरवर पोरे घेऊन बसलेली माणसे असताना, गाडी बंद पडणे म्हणजे काय हे त्याने एकदा तिथे उभे राहून बघायला हवे होते.

काकांनी तांबे कापून नवा तुकडा जोडला, सोल्डर केला, वर आकसणारी स्लीव्ह चढवली, फांदीला पन्हाळी नळी घातली आणि नवी क्लिप बसवली. ब्रॅकेटची कड कानशीने घासून बोथट केली. ही कड घासायची गोष्ट कोणी सांगितली नव्हती, कोणी तिचे पैसेही देणार नव्हते. फाउंडेशन मेकॅनिककडून आठवड्याभरात बदलून घ्यायला सांगितले. काढलेले दोन्ही जुने सेन्सर मी डिकीत टाकून ठेवले होते. ते त्यांनी मीटरवर तपासले आणि कागदात गुंडाळून परत दिले. ‘दोन्ही बरे आहेत. जपून ठेव.’

पैसे देताना मी विचारले, की कोडवरून सेन्सर बदलणाऱ्यांचे कधी बरोबर येते का. ‘येते की. सेन्सर मरतातच. पण मरण्याचीसुद्धा खूण असते. इंजिनाच्या पाण्याचे तापमान उणे ४० दिसले तर गोव्यात थंडी पडली म्हणून नव्हे, त्या सेन्सरची वायर तुटली म्हणून. सर्किट उघडे पडले की कॉम्प्युटर तेवढेच वाचतो. आकडा काय म्हणतो ते आधी वाचायचे. बदलायला काय, कधीही बदलता येते.’ मग त्यांनी वही माझ्या हातात ठेवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितले. ‘पुढची पुनव कधी?’

ती माघी पौर्णिमा होती. फाउंडेशन बदलून झाले होते. त्या संध्याकाळी मी पाणी पार तळाला जाईपर्यंत दोन बोटी सोडल्या आणि तिसऱ्या बोटीत गाडी चढवली. सासूबाई माझ्याबरोबर होत्या. दुपारच्या बोटीने त्या मुद्दाम पलीकडे आल्या होत्या आणि रायबंदरला धक्क्याजवळ थांबून गाडीत चढल्या होत्या. चोडणला बोट टेकली. फळी काँक्रीटवर घासली. समोर शेवाळाचा काळा पट्टा आणि वर आभाळ. मी एसी मुद्दाम चालू ठेवला, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. सासूबाईंनी हात एसीच्या जाळीसमोर धरला होता.

वर सपाटीवर आल्यावर मी गाडी कडेला घेतली आणि वही काढली. वेळ, जागा, गिअर, एसी. शेऱ्यात ‘काही नाही’ असे लिहीत होते तेवढ्यात फोन वाजला. डिचोलीहून काका.

‘चढली?’

‘चढली, काका.’

‘एसी?’

मी सासूबाईंकडे बघितले. त्यांनी जाळीसमोरचा हात अजून काढला नव्हता. ‘थंड गो,’ त्या म्हणाल्या, आणि मी तेच काकांना सांगितले.